पिशवीचा कल्ला उचलून बघायला शिका

वेंगुर्ल्याच्या बाजूच्या एका ताईंचं पत्र आलंय, ते आधी थोडक्यात देते.

"मुलगा मुंबईला नोकरीला असतो. त्याने घेतलेला लॅब्रॅडॉर आता त्याच्या खोलीत मावत नाही म्हणून दोन महिने आमच्याकडे आहे. नाव ब्रुनो, वय सात महिने. घरचा गावठी काळू आहेच, तो पेज-भात आणि माशांच्या डोक्यांवर खूश असतो. मुलगा म्हणतो ब्रुनोला डॉग फूडच घाला. दुकानात तीन किलोची एक पिशवी सहाशेला आहे, सध्या तीच घालतोय, आणि दुसरी तेवढीच साडेबाराशेला. दोन्हींच्या मागचे फोटो पाठवते, बारीक अक्षरातलं काही कळत नाही. दुकानदार म्हणतो महाग ते चांगलं, नाहीतर सुट्टं घ्या, स्वस्त पडेल. एक पाऊचपण दाखवला, पण त्यावर प्रोटीन फक्त ८ टक्के. मिस्टर म्हणतात, 'आमचे कुत्रे पेजेर वाढले, तेंका काय झाला?' तरी हाडं मजबूत व्हावीत म्हणून ते रोज ब्रुनोला कॅल्शियमचं औषध पाजतात. हल्ली खाजवतोपण खूप. दुकानदार त्यावर ग्रेन-फ्री, म्हणजे धान्य नसलेलं, घ्या म्हणतो. काय करू?"

ताई, सगळ्यात आधी ते कॅल्शियमचं औषध आजच्या आज थांबवा, बाकीचं उद्या वाचलंत तरी चालेल. डॉक्टरांनी ब्रुनोला स्वतः तपासून लिहून दिलं असेल तर गोष्ट वेगळी, त्यांना विचारा, पण मनाने चालू केलं असेल तर बंदच. लॅब्रॅडॉरसारख्या मोठ्या जातीच्या पिल्लाला कॅल्शियम कमी पडलं तर वाईट आणि जास्त झालं तर तेही तितकंच वाईट, हाडं वाकडी वाढतात, सांधे बिघडतात. तयार फूडमध्ये कॅल्शियम मोजून घातलेलं असतं आणि त्यावर आपण बाटलीतलं ओतलं की सगळं माप चुकतं. भाऊंचा जीव आहे पिल्लावर म्हणूनच करतात ते, मला कळतं, पण त्यांना हे वाचून दाखवा.

आता पिशव्या. ताई, तुम्ही बाजारात बांगडा घेताना काय करता? कोळणीने वरून कितीही पाणी मारून चमकवलेला असो, तुम्ही कल्ला उचलता, आत लाल आहे का बघता, डोळे बघता, पोट दाबता आणि मगच भाव विचारता. पिशवीच्या पुढच्या बाजूवरचा तो हसरा कुत्रा आणि भाजलेल्या कोंबडीचा फोटो म्हणजे नुसतं वरून मारलेलं पाणी आहे. कल्ला मागच्या बाजूला असतो, त्या बारीक अक्षरात. फोनवर फोटो काढून मोठा करून वाचा, मी तेच करते.

पहिली गोष्ट म्हणजे घटकांची यादी. ती वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, जे जास्त घातलं ते आधी. तुमच्या सहाशेवालीवर पहिलं आहे धान्य आणि धान्याचे उपपदार्थ, मग मीट आणि मीटचे उपपदार्थ, मग सोयाबीन, वनस्पती तेल, मीठ, गाजर पावडर, रंग. म्हणजे मुळात धान्याची पिशवी आहे आणि मीट कुठल्या प्राण्याचं ते सांगितलेलंच नाही. नाव न सांगणं हे मला लेबलावर सगळ्यात जास्त खटकतं. चिकन असेल तर चिकन लिहा, मासा असेल तर मासा लिहा, नुसतं "मीट" म्हणजे या महिन्यात जे मिळालं ते घातलं असाही अर्थ होऊ शकतो.

उपपदार्थ या शब्दाला मात्र घाबरू नका. लोक बायप्रॉडक्ट वाचलं की नाक मुरडतात, पण काळीज, मूत्रपिंड, फुफ्फुस हे सगळं त्यातच येतं आणि कुत्र्याला ते चांगलंच असतं. आपण नाही का माशाचं डोकं आणि गाबोळी आवडीने खात? फक्त कुणाचे उपपदार्थ ते लिहिलेलं असावं, "चिकन बायप्रॉडक्ट" असेल तर मला चालतं, नुसतं "मीट बायप्रॉडक्ट" नाही.

आता साडेबाराशेवाली. तिच्यावर पहिलं नाव ताजं चिकन, आणि दुकानदार तेच बोट ठेवून दाखवत असणार. पुढे काय आहे बघा, मका, तांदूळ, मका ग्लुटेन (मक्यातून वेगळं काढलेलं प्रोटीन), मक्याचं पीठ, चिकन फॅट, मीठ, सामन ऑइल, ब्लूबेरी, हळद. इथे दोन गोष्टी समजून घ्यायच्या. ताज्या चिकनमध्ये सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, आणि यादीतलं वजन हे शिजवून सुकवायच्या आधीचं असतं. टोपलीभर ओला जवळा वाळत घातला की हातात किती उरतो ते तुम्हाला मी सांगायला नको. तसंच ते चिकन दाणा तयार होईपर्यंत आटतं आणि मका मात्र बराचसा तेवढाच राहतो कारण तो आधीच सुका असतो. म्हणून "चिकन मील" लिहिलेलं दिसलं तर ते हलकं समजू नका, मील म्हणजे शिजवून, चरबी आणि पाणी काढून दळलेलं, सुक्या जवळ्यासारखं, वजनाला वजन धरलं तर त्यात प्रोटीन ताज्यापेक्षा कितीतरी जास्त. फिश मीलचंही तसंच.

दुसरी गोष्ट, मका तीन वेगवेगळ्या नावांनी आलाय. तीन ठिकाणी वाटला की प्रत्येकाचं वजन चिकनपेक्षा कमी भरतं आणि चिकन वर चढतं, तिन्ही एकत्र मोजले तर मकाच पहिला येण्याची शक्यता खूप. ही फार जुनी युक्ती आहे आणि मला तिचा खरंच राग येतो, कारण बाराशे रुपये मोजणारा माणूस पहिलंच नाव वाचून समाधानाने घरी जातो. याचा अर्थ मका विष आहे असा नाही. कुत्रा शिजवलेलं पिठूळ धान्य चांगलं पचवतो, २०१३ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी दाखवलं की पिष्ट पचवणारं एन्झाइम तयार करणाऱ्या जीनच्या प्रती लांडग्यापेक्षा कुत्र्यात कितीतरी जास्त असतात, माणसाच्या खरकट्यावर हजारो वर्षं वाढला तो. त्यामुळे पेजेबद्दल भाऊ म्हणतात ते काही अगदीच खोटं नाही. मुद्दा एवढाच की मक्याला मक्याचे पैसे द्यावेत, चिकनचे नाहीत.

आणि एक सोपी खूण सांगते, यादीत मीठ कुठे आहे ते शोधा. मीठ साधारण एक टक्क्याच्या आतबाहेर असतं, म्हणजे मिठाच्या खाली जे जे लिहिलंय ते त्याहून कमी. तुमच्या महागड्या पिशवीत सामन, ब्लूबेरी, हळद सगळे मिठाच्या खाली आहेत, आणि पुढे चित्रं मात्र त्यांचीच. व्हिटॅमिन आणि मिनरल मिठाच्या खालीच असणार, ते चिमूटभरच लागतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण ब्लूबेरीसाठी जास्त पैसे देऊ नका.

पुढच्या बाजूच्या शब्दांचंही सांगून टाकते. अमेरिकेत या नावांचे नियम ठरलेले आहेत, तिथे "विथ चिकन" म्हणायला ३ टक्के चिकन पुरतं, आणि "चिकन फ्लेवर" म्हणायला तर टक्केवारीच लागत नाही, चव लागली की झालं. तीच भाषा आपल्याकडच्या पिशव्यांवर येते. "प्रीमियम", "होलिस्टिक" या शब्दांना तर कुठलंच माप नाही, ते वाचूच नका. लाल-हिरव्या दाण्यांचंही तेच, कुत्र्याला लाल-हिरव्यातला फरक नीट दिसतच नाही, तो रंग आपल्यासाठी असतो.

आता ते टक्के, इथे बहुतेक जण फसतात आणि तुमचा पाऊचचा प्रश्नही इथेच सुटतो. प्रोटीनचा आकडा पाण्यासकट दिलेला असतो. पाऊचवर ८ टक्के प्रोटीन आहे पण शेजारी मॉइश्चर ८२ टक्के लिहिलंय, म्हणजे शंभर ग्रॅममध्ये पाणी सोडून उरलं १८ ग्रॅम आणि त्यातलं ८ ग्रॅम प्रोटीन, म्हणजे पाणी वगळून ४४ टक्के. तुमच्या सहाशेवालीत प्रोटीन २०, मॉइश्चर १२, तर २० भागिले ८८, साधारण २३ टक्के. साडेबाराशेवालीत २४ भागिले ९०, साधारण २७. त्यामुळे पाऊच वाईट नाही, तो फक्त पाणी घालून विकलेला आहे आणि लॅब्रॅडॉरचं पोट त्यावर भरायचं म्हटलं तर खिशाला परवडणार नाही, कधीतरी वरून घालायला ठीक.

यात माप काय धरायचं, तर पशुखाद्याचे निकष ठरवणाऱ्या अमेरिकेतल्या ॲफको या संस्थेचे आकडे बरेच ठिकाणी वापरतात, पाणी वगळून पूर्ण वाढलेल्या कुत्र्याला प्रोटीन किमान १८ टक्के आणि फॅट ५.५, वाढत्या पिल्लाला प्रोटीन २२.५ आणि फॅट ८.५. हे किमान आहे हं, यापेक्षा थोडं वरच असावं.

कार्बोहायड्रेट, म्हणजे मुख्यतः धान्यातून येणारा पिठूळ भाग, लेबलावर सहसा लिहीत नाहीत, ते आपणच काढायचं. शंभरातून प्रोटीन, फॅट, फायबर, मॉइश्चर वजा करा आणि राखेचे म्हणजे मिनरलचे साधारण ८ वजा करा. सहाशेवालीचे १०० वजा २०, १०, ५, १२ आणि ८, उरले ४५. साडेबाराशेवालीचे २४, १२, ४, १० आणि ८ गेले, उरले ४२. बघा ताई, दुप्पट पैसे आणि फरक तीनचा. मी तुमच्या फोटोंवरून हा हिशोब तीनदा करून बघितला.

आणि प्रोटीनच्या आधी "क्रूड" का लिहितात तेही माहीत असू दे. प्रयोगशाळेत प्रोटीन थेट मोजत नाहीत, नायट्रोजन मोजतात आणि त्याला ६.२५ ने गुणतात. म्हणजे पिसं, चामडं यांचंही प्रोटीन त्यात धरलं जातं, पचो न पचो. २००७ मध्ये याच फटीतून मोठा घात झाला, चीनमधून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मेलामाइन नावाचं रसायन मिसळलेलं होतं, त्यात नायट्रोजन भरपूर म्हणून आकडा वाढून दिसला आणि अमेरिकेत कितीतरी कुत्र्या-मांजरांच्या किडन्या गेल्या. म्हणून नुसता आकडा बघून चालत नाही, तो आकडा कुठून आला ते यादीत बघायचं. तुमच्या महागड्या पिशवीच्या २४ मध्ये मका ग्लुटेनचा वाटा चांगलाच असणार.

आता सर्वात महत्त्वाची ओळ, जी कुणी वाचत नाही. "कंप्लीट अँड बॅलन्स्ड", म्हणजे एवढ्यावरच कुत्र्याचं पोषण पूर्ण होतं, असं लिहिलंय का आणि कुठल्या वयासाठी लिहिलंय. सहाशेवालीवर स्पष्ट "ॲडल्ट" आहे, ती ब्रुनोसाठी नाहीच, दीड वर्षाचा होईपर्यंत तरी नको. साडेबाराशेवालीवर "पपी" आहे पण मोठ्या जातीबद्दल अक्षर नाही. म्हणून माझं मत सांगते, दोघींतून आजच निवडायचं तर साडेबाराशेवाली, ब्लूबेरीसाठी नाही तर पपी लिहिलंय म्हणून. पण कुडाळला किंवा सावंतवाडीला जाणं झालं की "लार्ज ब्रीड पपी" लिहिलेली पिशवी शोधा. मागे चिकन मील किंवा फिश मील पहिल्या दोन-तीन नावांत हवं, फॅट कुणाचं ते लिहिलेलं हवं, कॅल्शियम पाणी वगळून १.२ ते १.८ टक्क्यांच्या मधे हवं, आणि पत्ता, बॅच नंबर, पॅकिंगचा महिना हे नीट वाचता यायला हवं. अशी पिशवी साडेबाराशेपेक्षा स्वस्तही असू शकते. बदलताना एकदम बदलू नका, आठ-दहा दिवस जुनं कमी आणि नवं जास्त असं करत जा, नाहीतर जुलाब लागतात.

आता सुट्ट्या फूडबद्दल, आणि इथे मी जरा जास्त बोलणार आहे. माझी आधीची कुत्री, चांदणी, हिला एका जुलैत मी सुट्टं फूड आणलं होतं. दुकानाचं नाव सांगत नाही. पोत्यातून मोजून प्लास्टिकच्या पिशवीत बांधून दिलं, लेबल नाही, तारीख नाही, काही नाही. जरासा कुबट वास येत होता, मी पावसाळा आहे म्हणून दोन दिवस ऊन पडलं तेव्हा अंगणात पसरून ऊन दाखवलं आणि घातलं. आठवड्याने तिने खाणं टाकलं, ओकायला लागली, डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसायला लागला. डॉक्टर म्हणाले लिव्हरवर आलंय, खाणं आधी बंद करा. ती वाचली, पण पुढचे दोन महिने मी तिला कसं जगवलं ते माझं मला माहीत. ते फूडमुळेच झालं हे सिद्ध करायला माझ्याकडे काही नव्हतं, ना बॅच नंबर ना पिशवी. तेव्हापासून सुट्टं माझ्या घरात येत नाही.

मक्याला, शेंगदाण्याला दमटपणात जी बुरशी धरते तिच्यातून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं आणि ते लिव्हर खातं. २०२० च्या शेवटी अमेरिकेत याच कारणाने फूड परत मागवावं लागलं, सत्तरवर कुत्रे गेले. ते ऊन दाखवून जात नाही, शिजवूनही जात नाही, आणि दाण्यावर बुरशी डोळ्यांना दिसेलच असंही नाही. आपल्याकडे चार महिने भिंतीला ओल, कपाटातल्या चपलांना बुरशी, पापड डब्यात मऊ पडतात, तिथे तोंड उघडं पोतं दुकानात महिनाभर पडलंय म्हणजे विचार करा. म्हणून कोकणात लेबल वाचण्याइतकंच पिशवी ठेवण्याला महत्त्व आहे असं मी म्हणते. पावसाळ्यात स्वस्त पडते म्हणून दहा-पंधरा किलोची मोठी पिशवी घेऊ नका, फोडल्यापासून महिन्याभरात संपेल एवढीच घ्या. दाणे डब्यात ओतू नका, आहे त्या पिशवीसकट घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा, तोंड गुंडाळून चिमटा लावून, म्हणजे बॅच नंबरही हाताशी राहतो. जमिनीवर नको, पाटावर ठेवा. ओला हात घालू नका. आणि रोज वास घ्या, खवट खोबऱ्यासारखा आला तर फॅट बिघडलंय, कुबट आला तर बुरशी, दोन्हीत फेकून द्यायचं, काळूलासुद्धा घालायचं नाही.

प्रिझर्वेटिव्हचाही इथेच संबंध येतो. मिक्स्ड टोकोफेरॉल म्हणजे व्हिटॅमिन ई, रोजमेरी अर्क हे लिहिलेलं असेल तर चांगलंच, पण ते लवकर दम सोडतात, त्यामुळे तशी पिशवी अजूनच लहान घ्या. बीएचए, बीएचटी ही रसायनं जास्त टिकतात, काही जण टाळतात, मीही शक्यतो टाळते. एथॉक्सिक्विन दिसलं तर सरळ खाली ठेवा, युरोपात २०१७ मध्ये त्याची परवानगी थांबवली.

खाजेचं म्हणाल तर ग्रेन-फ्री आत्ता घेऊ नका. आधी कानामागे, बोटांच्या मधे, शेपटीखाली गोचीड आणि पिसवा बघा, आपल्या हवेत खाजेचं कारण बहुतेक वेळा तिथेच सापडतं, नाहीतर ओल्या अंगाला धरलेली बुरशी. खाण्याची ॲलर्जी असतेही, पण ती धान्याचीच असते असं नाही, चिकनची, दुधाचीसुद्धा असते आणि ती ठरवायला डॉक्टर आठ आठवडे एकच ठरावीक खाणं देऊन बघतात. ग्रेन-फ्रीमध्ये धान्याऐवजी वाटाणा-मसूर भरतात, आणि २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध खात्याने, अशा फूडचा हृदयाच्या आजाराशी संबंध असू शकतो म्हणून सूचना काढली होती. ते अजून पक्कं सिद्ध झालेलं नाही, पण कारण नसताना त्या वाटेला कशाला जा.

राहता राहिले भाऊ आणि त्यांची पेज. भाऊ, तुमचे कुत्रे नुसत्या पेजेवर नाही वाढले, ते दिवसभर गावभर फिरून काट्यापासून किड्यापर्यंत काहीबाही खात होते आणि त्यांचं वजन पंधरा-अठरा किलोच्या वर गेलं नाही. ब्रुनो वर्षभरात तीस किलोच्या आसपास जाणार, त्याला नुसत्या भातात आणि माशात सगळं मिळणार नाही, आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा ताटातला तो मासाही जातो. त्याच्या खाण्यातला दहावा हिस्सा घरचा असू दे, भात, उकडलेलं अंडं, काटे काढलेला मासा, त्याने काही बिघडत नाही.

काळूची पेज मात्र चालू ठेवा, या वयात त्याचं खाणं एकदम बदलायची गरज नाही. फक्त त्याच्या वाट्याचं कालवण कांदा-लसूण पडायच्या आधी बाजूला काढा, कांद्याने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. सुकी मासळी घालत असाल तर आधी दोन पाण्यात भिजवून मीठ काढा, आणि सुरमईच्या मधल्या काट्याचे तुकडे त्याला देऊ नका.